पडवीतला ओव्हरसियर

माझं इंग्रजी त्या काळात तीन वाक्यांचं होतं. 'नंबर प्लीज', 'लाइन बिझी' आणि 'थ्री मिनिट्स ओव्हर'. नगरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून बसलेल्या मुलीला याहून जास्त इंग्रजी लागत नसे, आणि ही वाक्यं मी दिवसभर अशा तोऱ्यात म्हणायचे की आपल्याला इंग्रजी येतं असा माझा स्वतःचाच समज झाला होता. पाथर्डीकडच्या आमच्या गावात तर वच्छी साहेबलोकांशी इंग्रजीत बोलते अशी ख्याती पसरली होती. ती पसरवली होती आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. त्यामुळे एस्तेरबाईंनी जेव्हा विचारलं की, "भिंगारला लष्कराच्या थिएटरात शनिवारी दुपारी जुना इंग्रजी सिनेमा आहे. येतेस का? पण समजेल ना तुला?" तेव्हा मी मान उडवून म्हणाले, "न समजायला काय झालं?" पुढच्या काही महिन्यांत मी माझं जे हसं करून घेतलं, त्याची सुरुवात या एका वाक्यानं झाली.

एस्तेरबाई मिशनच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका होत्या. तिशी ओलांडलेली, उंच, सडपातळ, पांढऱ्या साड्या नेसणारी बाई. बोलणं छापील. मी "हाय" म्हणाले की त्या हातातलं काम न थांबवता "आहे" म्हणायच्या, मी "पानी" म्हणाले की "पाणी". त्यांच्या आई सलोमीमावशी मात्र इतकी वर्षं नगरात राहून खेड्यातलं बोलणं तसंच्या तसं सांभाळून होत्या, आणि त्यांना सुधारायची एस्तेरबाईंची टाप नव्हती. मावशींचे यजमान पूर्वी आमच्या गावच्या शाळेत मास्तर होते. आबा त्यांच्या हाताखाली शिकलेले. मला नोकरी लागली तेव्हा गावातल्या सगळ्यांनी आबांना वेड्यात काढलं, पण आबा म्हणाले, "मास्तरीनबाईच्या घरी ठिवतो. त्या घरात पोर बिघडायची न्हाई." अशी मी ख्रिस्ती घरात राहायला आले. बाहेरची खोली, आतली खोली, मागं चूल आणि पुढं एक लांबट पडवी, एवढंच ते बिऱ्हाड. आतल्या खोलीत मायलेकींच्या खाटा, बाहेरच्या खोलीत जमिनीवर माझी वळकटी.

ते दुष्काळाचं साल होतं. आता दुष्काळ म्हटलं की लोकांना फोटोतली भेगाळलेली जमीन आठवते, मला मात्र मिलोच्या भाकरीचा वास आठवतो. रेशनवर ती तांबडी परदेशी ज्वारी मिळायची. पीठ चिकट, भाकरी थापताना कडा फाटायच्या आणि गार झाली की चामड्यासारखी व्हायची. मावशी त्याबरोबर सुक्या बोंबलाची चटणी करायच्या, लसूण आणि लाल मिरची घालून पाट्यावर वाटलेली. आबा माळकरी. मी घरून निघताना त्यांच्या पायाला हात लावून सांगितलं होतं की तिथलं वशाट खाणार नाही. पहिला आठवडा मी गूळ आणि भाकरीवर काढला. दुसऱ्या आठवड्यात मावशींनी चटणीचा गोळा माझ्या ताटात न विचारता ठेवला आणि म्हणाल्या, "बोंबील झाडाला लागतो असं समज." मी तसं समजले. सकाळी देवळाची घंटा, म्हणजे त्यांच्या चर्चची. ते लोक देऊळच म्हणायचे. दुपारी लांब माळावर रणगाड्यांचा सराव सुरू झाला की खिडक्यांच्या काचा खडखडायच्या आणि मावशी प्रत्येक धडाक्याला "गप रं बाबा" म्हणायच्या. संध्याकाळी एस्तेरबाई पेटीवर उपासनेची गाणी वाजवून बघायच्या. मधला एक सूर दबलेला होता, तो आला की त्या तोंडानं म्हणायच्या.

तर सिनेमा. एका विद्यार्थिनीचे वडील सुभेदार होते, त्यांच्या ओळखीनं आम्हाला आत सोडलं. काळापांढरा, धूसर झालेला सिनेमा. सुरुवातीला एस्तेरबाई माझ्या कानात कुजबुजत अर्थ सांगत होत्या: मोठं शहर आहे, लढाईमुळे घरं मिळत नाहीत, म्हणून एक अनोळखी बाप्या आणि एक अनोळखी मुलगी एका बिऱ्हाडात राहतात. पुढं मात्र त्या सिनेमात अशा गुंतल्या की माझा त्यांना विसर पडला, आणि मला विचारायची लाज वाटली. मग मी चेहऱ्यांवरून गोष्ट जुळवत गेले. ती मुलगी त्याच्याशी सारखी भांडते. किटलीवरून भांडते, दारावरून भांडते, टोपीवरून भांडते. तो हसतो. ती पाय आपटते. आणि शेवटी दोघं एकमेकांच्या गळ्यात. मी त्यातून एक धडा घेतला आणि तो मनात पक्का करून टाकला: प्रेमाची सुरुवात भांडणानं होते. परवा माझ्या नातीनं तो सिनेमा मोबाईलवर शोधून दिला, खाली शब्द उमटत होते. तेव्हा कळलं की मी अर्धी गोष्ट स्वतःच रचली होती. जिला मी त्याची आई समजत होते ती घरमालकीण निघाली, आणि ज्या भांडणाला मी भुलले होते त्यात ती बिचारी त्याला फक्त गळका नळ दुरुस्त करायला सांगत होती.

घरी आल्यावर मी मावशींना ती गोष्ट रंगवून सांगितली. त्या मिलो निवडत ऐकत होत्या. "दोगं? एका घरात? बिनलग्नाची?" त्यांनी सूप खाली ठेवलं. "आन् शेजारीपाजारी काय म्हनतात?"

"तिकडं शेजारी काही म्हणत नाहीत मावशी."

"मरूंदे. पानी कोन भरतं?"

सिनेमात पाणी कोण भरतं हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मावशींच्या लेखी मग त्या गोष्टीत काही अर्थ उरला नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ओव्हरसियर आले. दुष्काळी कामांमुळं नगर तेव्हा सरकारी माणसांनी भरून गेलं होतं. खडीची कामं, रस्त्याची कामं, पाझर तलाव, आणि त्या सगळ्यावर देखरेख करणारी बाहेरगावची माणसं जागा शोधत फिरायची. पाळकसाहेबांनी मावशींना विचारलं, संगमनेरकडचा मुलगा आहे, सज्जन आहे, पडवीत राहील का? मावशींनी विचारलं, आपल्यातला हाय ना? ते हो म्हणाले. पडवीला तट्ट्या बांधल्या, आणि जयवंतराव एक ट्रंक, एक वळकटी, एक आरसा आणि एक सायकल घेऊन आले. सावळे, जाड भिवयांचे, हळू बोलणारे. पहिल्याच जेवणाला बसताना त्यांनी कपाळ, छाती आणि दोन्ही खांदे असा हात फिरवून क्रूसाची खूण केली, आणि मावशींच्या हातातली पळी तशीच राहिली.

"रोमन हाय का तुमी?" त्यांनी विचारलं.

"हो मावशी. कॅथलिक."

मावशी प्रोटेस्टंट, त्यांचे आजोबा-पणजोबा प्रोटेस्टंट. मी तोवर सगळे ख्रिस्ती एकच समजत होते. त्या दिवशी मला कळलं की मावशींच्या दृष्टीनं माझ्यासारखी खंडोबाची लेकरं एक वेळ परवडली, पण रोमन म्हणजे भाऊबंदकीतलं प्रकरण. त्या रात्रभर पुटपुटल्या असाव्यात. पण सकाळी उठून बघतात तर ओव्हरसियरांनी कामावर जायच्या आधी नळावर रांगेत उभं राहून पिंप, हंडे, कळशा सगळं भरून ठेवलेलं. मावशी पिंपात डोकावल्या आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊंदे. पडवीत हाय, घरात थोडाच हाय."

मी मात्र त्यांना पाहिल्या क्षणी ओळखलं होतं. अनोळखी पुरुष, घरं मिळत नाहीत, एकच बिऱ्हाड. सगळं जुळत होतं. नायिका कोण असणार यात मला शंकाच नव्हती. घरात तीन बायका, त्यातल्या एक म्हाताऱ्या, दुसऱ्या शिक्षिका, उरले कोण? मी मराठ्याची, ते ख्रिस्ती, आबांना कळलं तर माझे पाय मोडून हातात देतील, असले विचार मला शिवलेही नाहीत. एकोणीस वर्षांच्या डोक्यात एका वेळी एकच गोष्ट मावते.

मग मी भांडायला लागले. त्यांनी दाढीचा आरसा खिळ्याला अडकवला, तो माझ्या फणीचा खिळा होता. मी तणतणत आरसा काढून त्यांच्या ट्रंकेवर ठेवला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिले, आता ते हसतील म्हणून. ते घाईघाईनं उठले आणि म्हणाले, "चुकलं, वत्सलाताई." दुसऱ्या दिवशी बुटांवरून भांडले. "चुकलं, वत्सलाताई." सायकल दारात लावली म्हणून भांडले, कपडे दोरीवर जास्त जागा घेतात म्हणून भांडले. एकदा तर ते शिट्टी वाजवत होते म्हणून भांडले, आणि त्या माणसानं त्यानंतर कधी शिट्टी वाजवली नाही. दर वेळी तेच खालमानेनं बोलणं, आणि दर वेळी ताई. कुठलीही शहाणी मुलगी त्या 'ताई'वरून काय ते समजली असती. मी असा अर्थ लावला की माणूस सुसंस्कृत आहे, एकदम एकेरीवर येत नाही. एस्तेरबाईंना ते काहीच हाक मारत नसत. बाई नाही, ताई नाही, नाव नाही. त्यांना काही सांगायचं असलं की भिंतीकडं बघून सांगायचे. मला वाटे, भितात बिचारे शिक्षिकेला.

संध्याकाळी ते मावशींना पेपर वाचून दाखवायचे. मावशींना डोळ्यांनी कमी दिसू लागलं होतं. त्या दिवसांत पेपरात 'दुर्भिक्ष' हा शब्द पदोपदी असे. ओव्हरसियर तो 'दुरभिक्ष' असा वाचायचे. आतून, चुलीपाशी बसलेल्या एस्तेरबाई म्हणायच्या, "दुर्भिक्ष. र वेगळा नाही." ते म्हणायचे, "दुर्भिक्ष." दुसऱ्या दिवशी पुन्हा 'दुरभिक्ष'. पुन्हा आतून दुरुस्ती. हे महिनोन् महिने चाललं. इंजिनिअरिंगचा डिप्लोमा झालेल्या माणसाला एक शब्द साधू नये याची मला फार कीव यायची. एकदा मी म्हणालेसुद्धा, "अहो, कागदावर लिहून पाठ करा ना." त्यांचे कान लाल झाले. आत भाकरी करपल्याचा वास आला. एस्तेरबाईंच्या हातून भाकरी करपलेली मी त्याआधी पाहिली नव्हती, पण तीही मी मिलोच्या पिठावर ढकलली. लोकांच्या बोलण्यातला गळलेला एक शब्दसुद्धा ओळखण्याचा मी पगार घेत होते, आणि माझ्या डोळ्यांपुढं, कानांपुढं हे सगळं चाललं होतं.

अखेर एक दिवस एक्स्चेंजमधून बाहेर पडले तर फाटकाशी ओव्हरसियर सायकल धरून उभे. चेहरा उतरलेला. "वत्सलाताई, एक महत्त्वाचं बोलायचं होतं. घरी बोलता येत नाही." आम्ही माळीवाड्याच्या एस.टी. स्टँडशेजारच्या हॉटेलात गेलो. तिथं फळकुटांची फॅमिली रूम होती, पण त्यांनी पुढचंच बाकडं निवडलं, अगदी रस्त्यावरून दिसेल असं. चहा आला. मी रस्ताभर मनात उत्तर जुळवलं होतं. आधी नाही म्हणायचं, मग घरच्यांची अडचण सांगायची, मग डोळ्यांत पाणी आणायचं, आणि मग बघू म्हणायचं. ते बशीत चहा ओतून तो न पिता बसले होते.

"कसं सांगू कळत नाही," ते म्हणाले. "तुम्ही रागावाल."

"नाही रागावणार," मी शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाले.

"मला लग्न करायचंय."

मी मान खाली घातली.

"तुम्ही त्यांना विचाराल का? माझं तोंडच उघडत नाही त्यांच्यापुढं. तुम्ही धाकट्या बहिणीसारख्या आहात, तुमच्याजवळ बोलतील त्या."

मी मान वर केली ती तशीच राहिली. "कुणाला?" मी विचारलं. आजही हा प्रश्न आठवला की मला माझीच कमाल वाटते. त्या वेळी खरंच माझ्या डोक्यात कुणाचंही नाव येईना. सलोमीमावशींचंसुद्धा क्षणभर येऊन गेलं.

"एस्तेरबाईंना," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून मी ते नाव पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी ते फार जपून उच्चारलं. मी चहाचा एक मोठा घोट घेतला, जीभ भाजली, आणि डोळ्यांत जे पाणी आणायचं ठरवलं होतं ते आपोआप आलं. "मिरची आहे का चहात?" असं काहीतरी मी बरळले. त्यांनी काळजीनं पाण्याचा पेला पुढं केला.

निरोप मी त्याच संध्याकाळी सांगितला. उशीर केला तर आपल्याला तो सांगवणार नाही, एवढं मला कळत होतं. एस्तेरबाई मिलोतले खडे निवडत होत्या. मी उभ्या-उभ्याच म्हणाले, "ओव्हरसियरांना तुमच्याशी लग्न करायचंय, ते विचारतायत." त्यांनी वर पाहिलं नाही. निवडतच राहिल्या. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की खडे ताटात चाललेत आणि ज्वारी केराच्या ढिगात. तेवढ्यात मागून मावशींचा आवाज आला, "काय विचारतोय?" त्या मोरीतून येत होत्या, आणि एरवी त्यांना हाक मारून घसा सुकायचा.

"रोमन," मावशी म्हणाल्या. "माज्या घरात रोमन जावई? तुज्या बापानं बायबल शिकवत गावोगाव जोडे झिजवले ते याच्यासाठी? न्हाई. माज्या मुडद्यावरनं जा."

"आई, मी काही म्हटलं का?" एस्तेरबाई म्हणाल्या.

"म्हनू बी नको."

त्या खरंच काही म्हणाल्या नाहीत. रात्री पेटी उघडली नाही. दुसऱ्या दिवशी पेपर आला तो तसाच घडी घातलेला राहिला. ओव्हरसियर पाणी भरून ठेवत आणि कामावर जात, जेवण बाहेर करून येत. चार-पाच दिवसांनी त्यांनी मला सांगितलं की भंडारदऱ्याकडं एक जागा रिकामी आहे, तिकडं बदली मागितली आहे. एस्तेरबाई शाळेत जात होत्या, येत होत्या, आणि मी "हाय" म्हणाले तरी सुधारत नव्हत्या. मी मुद्दाम तीन-चारदा म्हणून पाहिलं. त्यांचं लक्षच नव्हतं. माझं स्वतःचं दुःख होतंच, पण खरं सांगायचं तर ते मला नीट करता येईना. उशीत तोंड खुपसावं तर आतल्या खोलीतून आधीच कुणीतरी तसं केल्याचा आवाज येई.

तो रविवार. दोन्ही देवळांचे लोक आपापल्या उपासना उरकून घरी आले होते. ओव्हरसियर पडवीत बनियनवर बसून बुटांना पॉलिश करत होते, मावशी उंबऱ्यात, मी कपडे वाळत घालत होते, आणि फाटकातून आबा आत आले. हातात पिशवी, डोक्याला पटका, चेहरा असा की मी हातातली चादर दोरीवर टाकायची विसरले. हॉटेलच्या त्या पुढच्या बाकड्यावर आम्हाला आमच्या गावच्या एकानं एस.टी.च्या खिडकीतून पाहिलं होतं. मी त्या दिवशी घरी पोचायच्या आत बातमी गावाला पोचली होती.

आबांनी ओव्हरसियरांकडं पाहिलं. दोरीवरच्या पँटीकडं पाहिलं. चपला काढल्या, मावशींनी दिलेलं पाणी उभ्यानं प्यायले, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "वच्छे, कापडं भर."

"का, भाऊ? काय झालं?" मावशींनी विचारलं.

"मास्तरीनबाई, तुमच्या भरोशावर पोर ठिवली हुती." आबांचा आवाज चढलेला नव्हता, त्यानं मला जास्त भीती वाटली. "गावात तोंड दाखवायची सोय न्हाई. परका गडी घरात हाय म्हनं. पोरगी त्याच्यासंगं हाटेलात च्या पेती म्हनं. मी म्हनलं खोटं हाय, त्या घरात असं हुयाचं न्हाई. आन् हितं येऊन बघतो तर..." त्यांनी पुन्हा दोरीवरच्या पँटीकडं पाहिलं. "चूक माजीच. नोकरी न्हाई करायची. कापडं भर."

मी आत जाऊन ट्रंक उघडली. हेडफोन, एक्स्चेंज, नगर, सगळं संपलं हे मला कळत होतं. घरी नेलं की महिन्याभरात लग्न, मग चूल आणि खडीचं काम. बाहेर ओव्हरसियर म्हणत होते, "काका, वत्सलाताईंची काही चूक नाही. मीच जातो. आत्ता जातो." वळकटी गुंडाळल्याचा आवाज आला.

"बस खाली!" मावशी ओरडल्या. मी दारात आले. मावशी उंबऱ्यातून उठून पडवीत गेल्या होत्या, कमरेत वाकलेल्या, पण बोट आबांच्या छातीवर रोखलेलं. "परका? कुनाला परका म्हनता, भाऊ? माज्या घरात परका मानूस? जावई हाय त्यो माजा. हुनारा जावई. एस्तेर दिलीय त्याला. वच्छीला च्या पाजला म्हंजी मेव्हनीला पाजला. काय बिघडलं?"

ओव्हरसियरांच्या एका पायात बूट होता, दुसरा हातात. लांब माळावर रविवारी सराव नसे, त्यामुळे एवढी शांतता पसरली की दोरीवरच्या कपड्यांतून निथळणारं पाणी ऐकू आलं. मावशींच्या चेहऱ्यावर मला दिसलं की आपण काय बोलून बसलो हे त्यांना आत्ता कळतंय. पण समोर मास्तरांचा विद्यार्थी उभा होता. मास्तरांच्या बायकोनं त्याच्यापुढं शब्द फिरवायचा तर मग राहिलं काय?

"आई," मागून एस्तेरबाई म्हणाल्या. त्या चुलीपासून उठून आल्या होत्या, हात पिठाचे. "मला कुणी विचारलं?"

मावशी वळल्या. "मग विचारते. ह्यो रोमन, ह्यो ओव्हरशेर, तुला पायजेल का? चार मानसांत सांग. व्हय का न्हाई?"

एस्तेरबाईंनी ओव्हरसियरांकडं पाहिलं. ते पडवीत राहायला आल्यापासून बाईंनी त्यांच्याकडं सरळ पाहिलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा बघितलं. आणि ती छापील बोलणारी बाई म्हणाली, "व्हय."

आबा भोळे नव्हते. त्यांनी तिघांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "मंग लगीन कधी?"

"नाताळाच्या आत," मावशी दात आवळून म्हणाल्या.

"मंग मी येतो लग्नाला," आबा म्हणाले, आणि पिशवीतून हुलग्याचं पुडकं काढून त्यांनी मावशींच्या पुढ्यात ठेवलं. "वच्छे, भरली का कापडं? काढ भाईर. लगीनघरात मानूस लागतं हाताखाली."

लग्न त्यांच्या, म्हणजे रोमन देवळात झालं आणि जेवण आमच्या कंपाउंडात. कुणी कशाला मान तुकवायची यावर पाळकसाहेब आणि तिकडचे फादर यांच्या इतक्या बैठका झाल्या की दुष्काळी कामांवरसुद्धा झाल्या नसतील. मावशी त्या देवळात पहिल्या बाकावर ताठ बसल्या. सगळे गुडघे टेकत होते तेव्हा त्या टेकत नव्हत्या. कुणी खुणावलं तर मोठ्यानं म्हणाल्या, "गुडघं दुखत्यात." आबा खरोखरच आले होते. नवरदेवाशेजारी पंगतीला बसून त्यांनी भात आणि गूळ खाल्ला आणि मी काय काय खाते ते बघायचं टाळलं. दोन दिवसांनी नवरानवरी भंडारदऱ्याकडं क्वार्टरवर राहायला गेली. एस्तेरबाईंना तिकडच्या शाळेत जागा मिळाली. स्टँडवर एस.टी. हलताना त्यांनी खिडकीतून माझा हात धरला आणि म्हणाल्या, "आईला पेपर वाचून दाखवशील ना?" मी हो म्हणाले. ओव्हरसियर त्यांच्या मागून वाकून म्हणाले, "येतो, वत्सलाताई. आरशाचा खिळा तुमचा." त्यांनी विनोद केला होता, आणि मला तो एस.टी. दिसेनाशी झाल्यावर कळला.

घरी आले तेव्हा ऊन उतरलं होतं. पडवीतल्या तट्ट्या कुणीतरी सोडून भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. मी बाहेरच्या खोलीत माझ्या वळकटीवर बसले आणि मला रडू फुटलं. आवाज होऊ नये म्हणून मी तोंडात पदराचा बोळा धरला, पण मावशींना जे ऐकायचं ते ऐकू येत असे. त्या आतून आल्या, भिंतीला टेकून खाली बसल्या, पाय लांब केले.

"तिच्यासाठी रडतीस का त्याच्यासाठी?" त्यांनी विचारलं.

मी पदर काढला.

"मला दिसत न्हाई म्हनून काय वासबी येत न्हाई व्हय गं? तोंडाला पावडर थापून भांडी घासायची, ती काय माज्यासाठी हुती?"

मला वाटलं जमीन दुभंगावी. मग त्या दुष्काळातल्या जमिनीचा काही भरवसा नव्हता, म्हणून मी खरं सांगून टाकलं. "दोघांसाठी, मावशी."

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही. त्यांचेही डोळे भरले होते, पण त्या ते पुसत नव्हत्या.

"मग रडून घे नीट," त्या म्हणाल्या. "पर नळ यायच्या आत आटप. आता पानी आपल्यालाच भरायचंय."